फसलेल्या प्रयोगाचा खर्च लपवू नका

प्रयोग फसला तरी ते संशोधनच असते. ब्रिटनच्या सरकारने हे नियमात लिहून ठेवले आहे. संशोधन आणि विकासावर पैसा घालणाऱ्या कंपन्यांना तिथे करसवलत मिळते. संशोधन कशाला म्हणायचे हे ठरवणारी सरकारी मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यांत स्पष्ट म्हटले आहे की ठरवलेली प्रगती साधली नाही किंवा अर्धवटच साधली, तरी संशोधन झालेच. यंत्र चालले नाही, औषध लागू पडले नाही, सॉफ्टवेअर मध्येच सोडून द्यावे लागले, तरी कंपनी सवलत मागू शकते.

यात कुणावर मेहेरबानी नाही. उत्तर आधीच ठाऊक असेल तर त्या कामाला संशोधन म्हणायचे कारणच नाही. उत्तर ठाऊक नसेल तर ते ‘नाही’ असे येण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून असते. ती शक्यता अंगावर घेऊन कुणी पैसा घालावा म्हणून तर सरकार सवलत देते. ‘नाही’ असे उत्तर आल्यावर ती काढून घेतली, तर उरते ते यशस्वी माणसाला दिलेले बक्षीस. यशस्वी माणसाला बाजार बक्षीस देतोच. त्यासाठी करदात्याच्या पैशाची गरज नाही.

एवढे सरळ असूनही फसलेल्या प्रकल्पाचा दावा करायला माणसे कचरतात. ब्रिटनमधले कर सल्लागार वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत: छोटा उद्योजक जमलेल्या गोष्टींची यादी घेऊन येतो आणि जे जमले नाही त्याचा उल्लेखही करत नाही. त्याला वाटते, ते कशाला दाखवायचे? आपल्याकडे तर ही लाज बालपणापासून मुरवली जाते. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे शाळेच्या भिंतीवरचे वाक्य मला कधीच पुरेसे वाटले नाही. त्यात अपयशाला किंमत आहे, पण पुढे यश आले तरच. यश आलेच नाही तर ती पायरी कुठे जाते? ब्रिटिश नियम या बाबतीत आपल्या सुभाषितापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. पुढे काय झाले, हे तो विचारतच नाही.

मग तो विचारतो काय? विज्ञानाच्या किंवा तंत्रज्ञानाच्या एखाद्या क्षेत्रात भर घालायचा प्रयत्न होता का? फक्त तुमच्या कंपनीला नवे असून भागत नाही, त्या क्षेत्रालाच नवे असायला हवे. ते कसे करायचे याबद्दल खरी शंका होती का, म्हणजे त्या विषयातल्या जाणकार व्यावसायिकालाही उत्तर सहज काढता आले नसते का? आणि ती शंका दूर करायला तुम्ही पद्धतशीर काय केले? दुसऱ्या कंपनीने तीच गोष्ट आधी साधली असेल, पण व्यापारी गुपित म्हणून दडवून ठेवली असेल, तर तुमचे काम तरीही संशोधन ठरते. जे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता, त्याची शिक्षा तुम्हाला नाही.

एक कुंपण मात्र पक्के आहे. बनेल का, ही शंका चालते. खपेल का, ही चालत नाही. अपयशाचे दोन प्रकार इथे वेगळे होतात आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ही ब्रिटिश कंपनी. तिचे डॅराप्लॅडिब नावाचे औषध होते. रक्तातले एक विशिष्ट एन्झाइम रोखले तर हृदयविकाराचा झटका टळेल, अशी त्यामागची कल्पना. ३९ देशांतल्या जवळजवळ १६ हजार रुग्णांवर चाचणी झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: मूळ उद्दिष्ट साधले नाही. हे तांत्रिक अपयश. शंका होती ती निसर्गाबद्दल आणि निसर्गाने ‘नाही’ म्हटले. ते एन्झाइम रोखून झटके टळत नाहीत, हे त्या चाचणीनंतर जगाला कळले. पुढच्या कंपनीने त्या वाटेला जाताना दहादा विचार करावा एवढे मोलाचे ते ज्ञान आहे. याला वाया गेलेला पैसा म्हणणाऱ्याला संशोधन कळलेले नाही.

दुसरे उदाहरण डायसनचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये या कंपनीने विजेवर चालणाऱ्या मोटारीचा प्रकल्प बंद केला. गाडी तयार झाली होती, पण ती बनवून, विकून पैसे सुटतील असे गणित बसेना. आपले ५० कोटी पौंड त्यात गेले, असे जेम्स डायसन यांनी पुढच्या वर्षी सांगितले. हे व्यापारी अपयश. पण अशा प्रकल्पाच्या पोटात तांत्रिक शंकांची शेकडो कामे असतात: बॅटरीची घनता, मोटारीचे थंड राहणे, वजन आणि पल्ला यांचा मेळ. शेवटी गाडी बाजारात आली नाही म्हणून ती कामे संशोधन असण्याचे थांबत नाहीत. ग्राहक किती किंमत मोजतील याचा केलेला अभ्यास मात्र संशोधनात बसत नाही, गाडी धो धो खपली असती तरी बसला नसता. शेवट कसा झाला यावर काहीच अवलंबून नाही. प्रत्येक कामाच्या मागे शंका कोणती होती, एवढेच पाहायचे.

ऑक्सफर्डशायरमधली रिॲक्शन इंजिन्स ही कंपनी १९८९ मध्ये स्थापन झाली. आवाजाच्या पाचपट वेगाने उडताना इंजिनात शिरणारी तापलेली हवा क्षणार्धात थंड करायची, हे तिचे वेड. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तिने तेवढ्या तापमानाच्या हवेवर आपले शीतक यंत्र चालवून दाखवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनी बुडाली. शंकेचे उत्तर ‘हो’ आले आणि कंपनी गेली. अशा कंपनीला कोणत्या रकान्यात घालायचे, यशाच्या की अपयशाच्या? सवलतीचा आधार यश हा ठेवला तर या प्रश्नाला उत्तर नाही. शंका हा ठेवला तर प्रश्नच उरत नाही.

ब्रिटिश नियमात एक तरतूद अशीही आहे की फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगापेक्षा सरस ठरतो. प्रयोगात वापरलेल्या कच्च्या मालाचा खर्च दाव्यात धरता येतो. पण एप्रिल २०१५ पासून, त्या मालातून तयार झालेली वस्तू नेहमीच्या धंद्यात विकली तर तेवढा माल दाव्यातून वगळावा लागतो. विकून पैसे आलेच, मग सवलत कशाला? प्रोटोटाइप मोडीत निघाला, तर त्यात गेलेले पोलाद, रसायने, रेझिन सगळे धरता येते. तरीही त्या तुटक्या नमुन्याचा खर्च न मागणारी कंपनी आपल्या हक्काचे सोडून देते आहे.

पैसा किती, तेही सांगतो. ही सवलत छोट्या-मध्यम कंपन्यांसाठी २००० साली आणि मोठ्यांसाठी २००२ साली आली. तिची खरी ताकद तोट्यातल्या कंपनीसाठी होती. नफाच नाही, कर भरायचाच नाही, तर वजावटीचा उपयोग काय? म्हणून तिथे तोटा सरकारकडे सोपवून रोख रक्कम घेता येत असे. एप्रिल २०२३ पूर्वी तोट्यातल्या छोट्या कंपनीने संशोधनावर १०० पौंड घातले तर साधारण ३३ पौंड परत येत. त्यानंतर हे १८.६० पौंडांवर आले. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी दोन्ही योजना एकत्र झाल्या आणि तोट्यातल्या कंपनीला १०० पौंडांमागे १६ च्या आसपास मिळतात. एकूण खर्चाचा किमान ३० टक्के भाग संशोधनावर जात असेल, तर अशा तोट्यातल्या छोट्या कंपनीला २७ पौंडांच्या जवळपास. घसरण मोठी आहे आणि ती मला चुकीची वाटते. तरीही तत्त्व शाबूत आहे. प्रयोग फसून तोट्यात गेलेल्या कंपनीच्या बँकेत त्याच प्रयोगापोटी पैसे येतात आणि त्या पैशांवर ती पुढचा प्रयोग करू शकते.

घसरण का झाली? फसवणुकीमुळे. २०२०-२१ या वर्षी या सवलतीपोटी गेलेल्या रकमेपैकी १६.७ टक्के, म्हणजे १.१३ अब्ज पौंड, चुकीने किंवा लबाडीने गेले, असा तिथल्या करखात्याचाच अंदाज आहे. कमिशनवर काम करणारे सल्लागार दारोदार फिरले. पब, रेस्टॉरंट, केअर होम, व्यायाम शिकवणारे प्रशिक्षक अशांच्या नावाने दावे गेले. शेवटी खात्याला जाहीर सांगावे लागले की या धंद्यांत सहसा असले संशोधन होत नाही.

या लबाड दाव्यांबद्दल माझे एक ठाम मत आहे. लबाड माणूस यशाची गोष्ट लिहितो. ‘आम्ही अभिनव प्रणाली यशस्वीपणे विकसित केली’ हे वाक्य लिहायला काही लागत नाही. फसलेल्या प्रयोगाची फाइल खोटी बनवणे त्याहून कितीतरी अवघड असते. तिच्यात तारखा असतात, चुकलेली मोजमापे असतात, तिसऱ्या चाचणीत तडा कुठे गेला याचा फोटो असतो, मग रचना का बदलली याची नोंद असते, आणि शेवटी हे या मार्गाने होणार नाही अशी कबुली असते. कुठल्याही जाणकार इंजिनिअरला ती वाचून अर्ध्या तासात कळते की इथे खरोखर कुणीतरी झगडले आहे. म्हणून करखात्याने संशयाने पाहायचे असेल तर ज्या दाव्यात एकही गोष्ट फसलेली नाही अशा दाव्याकडे आधी पाहावे. जिथे सगळेच जमले, तिथे शंका होती कुठे?

८ ऑगस्ट २०२३ पासून तिथे दाव्याबरोबर एक जादा माहितीचा अर्ज सक्तीचा आहे. त्यात विचारतात: तुम्ही सुरुवात केली तेव्हा त्या क्षेत्रात काय माहीत होते, कोणती प्रगती साधायची होती, कोणत्या शंका होत्या आणि त्या दूर करायला काय केले. हे प्रश्न बरोबर आहेत. प्रयत्नाचा हिशेब मागणारे आहेत. पण खात्याने लबाडांना पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात प्रामाणिक छोटे उद्योजकही अडकले. पत्रावर पत्रे आली, त्या क्षेत्राची ओळख नसलेल्या अधिकाऱ्यांनी तांत्रिक फाइलींवर शेरे मारले आणि अनेकांनी कटकट नको म्हणून दावेच मागे घेतले. वकिलाची फी दाव्यापेक्षा जास्त होणार असेल तर छोटा माणूस दुसरे काय करणार? तपासणी करायचीच तर विषय कळणाऱ्याकडून करा. हे मागणे अवाजवी नाही.

या बदलांचा एक धागा थेट हिंजवडी आणि खराडीपर्यंत येतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या योजनेत ब्रिटिश कंपनीने परदेशात करून घेतलेले संशोधन बहुतांशी सवलतीबाहेर गेले. ते काम ब्रिटनमध्ये होण्यासारखी परिस्थितीच नसेल तर अपवाद आहे, पण ‘तिकडे स्वस्त पडते’ किंवा ‘इथे माणसे मिळत नाहीत’ ही कारणे चालत नाहीत, असे कायद्यातच घातले आहे. म्हणजे लंडनच्या कंपनीचा प्रयोग पुण्याच्या टीमने केला, तर तो फसो की जमो, त्या खर्चावर आता सहसा सवलत नाही. इथल्या कंपन्यांनी दर ठरवताना हे लक्षात घ्यावे. समोरचा दर पाडून का मागतो आहे, त्याचे एक कारण हे असू शकते.

आता आपल्याकडे पाहू. मला राग येतो तो इथे.

आपल्या कायद्याची व्याख्या चांगली आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात वैज्ञानिक संशोधन म्हणजे शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय धरून नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानातले ज्ञान वाढवण्यासाठी केलेले काम. यश हा शब्द त्यात कुठेही नाही. धंद्याशी संबंध हवा, पण त्या धंद्याचा विस्तार होण्याची शक्यता असली तरी पुरते. कलम ३५ खाली हा खर्च वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही संशोधनखर्चाची वजावट ठेवलेली आहे. म्हणजे कायदा फसलेल्या प्रयोगाला नाही म्हणत नाही. नाही म्हणतो तो आपला व्यवहार.

आणि पैशाचे काय? १९९७ मध्ये कलम ३५(२एबी) आले. कंपनीने स्वतःच्या संशोधन केंद्रात केलेल्या खर्चावर १२५ टक्के वजावट. पुढे ती १५० झाली, २०१० मध्ये २०० टक्के. शंभर रुपये घाला, दोनशे वजा करा. मग उलटा प्रवास सुरू झाला. २०१७-१८ पासून १५० टक्के आणि २०२०-२१ पासून १००. शंभर टक्के म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पगार, कच्चा माल, वीज असला धंद्याचा चालू खर्च तसाही पूर्ण वजा होतो, त्यासाठी संशोधनाचे वेगळे कलम लागत नाही. यंत्रसामग्रीचा खर्च वर्षानुवर्षे घसाऱ्यातून वजा होण्याऐवजी पहिल्याच वर्षी होतो, एवढाच काय तो फरक. शिवाय २०१९ मध्ये कंपन्यांना २२ टक्के कराचा पर्याय दिला, त्याची अटच अशी की असल्या खास वजावटी सोडायच्या. कर कमी केला याबद्दल तक्रार नाही. पण प्रयोग करणाऱ्या आणि न करणाऱ्या दोघांना एकाच रांगेत उभे केले, याबद्दल आहे.

२०० टक्क्यांच्या काळातही ही सवलत कुणाच्या वाट्याला आली? ती फक्त कंपन्यांसाठी होती. भागीदारीतल्या किंवा एकट्या मालकाच्या उद्योगाला दार बंद. केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता हवी. वेगळे संशोधन केंद्र हवे, तिथे वेगळी माणसे हवीत, वेगळा हिशेब हवा. भोसरीतल्या, सातपूरमधल्या, वाळूजच्या छोट्या कारखान्यात प्रयोग होतो तो चालू मशीनवर, रात्रपाळी संपल्यावर, ज्या माणसाने दिवसभर उत्पादन काढले त्याच माणसाच्या हातून. त्याला वेगळे केंद्र कुठून आणायचे? आणि सगळे जमवले तरी वजावट मिळायची ती नफ्यातून. नफा नसेल तर तोटा आठ वर्षे पुढे ओढत राहायचे. प्रयोग फसून ज्याची रोकड संपली आहे, त्याला आज पैसा हवा असतो, आठ वर्षांत कधीतरी नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्रीचे उदाहरण घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले या पट्ट्यात ओतकामाची जाण पिढ्यांची आहे. एखादा ग्राहक नेहमीपेक्षा पातळ भिंतीचे एसजी आयर्नचे कास्टिंग मागतो. एवढ्या पातळ भागात धातू लवकर गोठतो, कार्बाइड धरते, कास्टिंग ठिसूळ होते. मग रसायनमिश्रण बदला, इनॉक्युलेशन बदला, धातू ओतण्याचे तापमान बदला, रायझरची जागा बदला. एकामागून एक ट्रायल हीट. बहुतेक वाया. हे अस्सल संशोधन आहे. पण हिशेबाच्या वहीत त्याची नोंद होते ‘रिजेक्शन’. फसलेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते आणि त्याच्याबरोबर पुरावाही वितळतो. वर्षाच्या शेवटी सीएसमोर येतो तो फक्त वाढलेला रिजेक्शनचा टक्का, आणि मालकाला ऐकून घ्यावे लागते की कारखान्यात शिस्त नाही. खरे तर त्या कारखान्यात त्या वर्षी सगळ्यात मोठे काम झालेले असते.

मोठ्या कंपन्यांचे अपयश निदान बातमीत तरी येते. मुंबईच्या ग्लेनमार्कने ओग्लेमिलास्ट हा दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट विकारावरचा रेणू स्वतः शोधला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फॉरेस्ट लॅबोरेटरीजने त्याचे हक्क घेतले तेव्हा सगळीकडे कौतुक झाले. २००९ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तो टिकला नाही. त्या काळात कौतुक करणारेच लगेच विचारू लागले की भारतीय कंपन्यांनी नव्या औषधाच्या फंदात पडावेच का. मला हा प्रश्न तेव्हाही चीड आणणारा वाटला, आजही वाटतो. जगात बहुतेक नवी औषधे माणसांवरच्या चाचण्यांतच गळतात. गळण्याची तयारी नसेल तर जन्मभर दुसऱ्याच्या पेटंटची मुदत संपण्याची वाट पाहायची.

टाटा मोटर्सने २००७ मध्ये एमडीआय या कंपनीशी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गाडीसाठी करार केला. मे २०१२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे सांगितले. गाडी रस्त्यावर आली नाही. दाबलेल्या हवेत ऊर्जा थोडी मावते, आणि ती प्रसरण पावताना इतकी थंड होते की इंजिनात बर्फ धरू शकतो. या अडचणींशी झगडलेल्या इंजिनिअरांना जे कळले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नसते. पण आपल्याकडे असे प्रकल्प थाटात जाहीर होतात आणि गुपचूप संपतात. का संपले हे सांगायची पद्धतच नाही. त्यामुळे दुसरी कंपनी तीच वाट पुन्हा तुडवते आणि त्याच दगडाला ठेचकाळते.

गुपचूप संपवण्यात हिशेबाचाही हात असतो. विकासाचा खर्च कंपनी काही काळ मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवते. प्रकल्प सोडला की तो राइट ऑफ करावा लागतो, आणि तेव्हा कर अधिकारी म्हणतो, हा भांडवली तोटा, वजा होणार नाही. चालू धंद्याच्याच विस्तारासाठी केलेला आणि मग सोडून दिलेला प्रकल्प असेल तर खर्च महसुली मानून वजा करू द्यावा, असे निकाल आपल्या उच्च न्यायालयांनी दिले आहेत. पण तिथपर्यंत जायला वर्षे लागतात. तोपर्यंत संचालक मंडळ ठरवते की पुन्हा असल्या भानगडीत पडायचे नाही.

मग आकडे रडवतात. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच आपला संशोधनावरचा खर्च, हा २०२०-२१चा सरकारी आकडा, आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा साधारण ३६ टक्के. उद्योगपती पैसा घालत नाहीत म्हणून मंत्री त्यांना जाहीर सभांत सुनावतात. घालावा तरी का? जमले तर स्पर्धक नक्कल करणार, फसले तर सगळा तोटा आपला, आणि अधिकाऱ्याची नोटीस वर.

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे आणि हेतूही चांगला आहे. पण पैसा मिळणार तो मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या कर्जातून आणि भागभांडवलातून. आणि तोही तंत्रज्ञान तयारीच्या चौथ्या पायरीपासून वर, म्हणजे प्रयोगशाळेत कल्पना सिद्ध झाल्यावर. खरी अनिश्चितता पहिल्या तीन पायऱ्यांवर असते. तिथे माणूस एकटा. आणि व्याज शून्य असले तरी कर्ज हे कर्ज. प्रयोग फसल्यावर मुद्दल फेडायचेच असेल तर छोटा उद्योजक जमणारच अशी गोष्ट निवडेल, आणि जमणारच अशी गोष्ट म्हणजे संशोधन नाही.

माझी मागणी सरळ आहे. छोट्या उद्योगाला, तो कंपनी असो की भागीदारी, प्रमाणित संशोधनखर्चाचा ठरावीक हिस्सा रोख परत द्या, नफा असो वा तोटा. वेगळ्या इमारतीची अट काढा, वेगळ्या नोंदवहीची घाला. फसवणूक होईल, ब्रिटनमध्ये झाली. म्हणून तपासणी त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांकडे द्या आणि दलालांच्या टक्केवारीवर बंदी आणा. सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद यांच्यासारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांना एखादी ट्रायल हीट खरी की बनावट हे कळायला वेळ लागणार नाही. त्यांना यात घ्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर उद्योजकाने आपल्या हातात आहे ते करावे. प्रयोग सुरू करायच्या आधी एका पानावर लिहा: आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते का कळत नाही. त्यावर तारीख घाला आणि ज्याला विषय कळतो त्याची सही घ्या. प्रयोगाला स्वतंत्र जॉब नंबर द्या, म्हणजे माल, मजुरी, मशीनचे तास त्यावर पडतील आणि रिजेक्शनच्या ढिगात हरवणार नाहीत. फसलेल्या प्रत्येक ट्रायलचा फोटो आणि मोजमापे ठेवा. भट्टीत टाकण्याआधी एक तुकडा कापून ठेवा. प्रकल्प सोडलात तर का सोडला, हे त्याच आठवड्यात लिहा. वर्षभराने सीएच्या टेबलासमोर बसून आठवून लिहिलेल्या कारणाला कुणी विचारत नाही.

आणि अधिकाऱ्याने स्क्रूटिनीत शेरा मारला की यातून काहीच निष्पन्न झाले नाही, सबब हे संशोधन नाही, तर घाबरून वजावट सोडू नका. उत्तरात कायद्यातली व्याख्या जशीच्या तशी लिहा आणि निष्पत्तीची अट तिच्यात कुठे आहे ते विचारा. १९६१च्या कायद्याखालच्या वर्षांसाठी कलम ३५(३) आहे. एखादे काम वैज्ञानिक संशोधन आहे की नाही असा प्रश्न निघाला तर तो प्रत्यक्ष कर मंडळामार्फत विहित प्राधिकरणाकडे जातो आणि त्या प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. तो प्रश्न तिकडे पाठवा, अशी मागणी लेखी करा, पोच घ्या, आणि फाइलला तो कापून ठेवलेला तुकडा जोडा.